शेपटीचं टिंब

मी दशांशचिन्ह बोलतोय. हो, तेच, एवढंसं टिंब. पेनाचं टोक कागदाला टेकलं की झालो मी तयार. तुम्ही ताप मोजता तेव्हा मला "पॉइंट" म्हणता आणि माझ्या मागून येणारा आकडा ऐकायला कान टवकारता. माझ्या मागून काहीतरी येतंच, हे तुमच्याकडे चौथीच्या पोराला कळतं.

मी मात्र हे बोलतोय ते केबेकमधून, कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातून. इथे मला शेपटी असते. २.९ नाही, २,९. इथले लोक मला "व्हिर्ग्युल" म्हणतात, म्हणजे आपला स्वल्पविराम. रूपं दोन असली तरी काम एकच. आणि मी जिथे लिहिला जातो, दिसतो, बोलला जातो, तिथे तिथे मी हजर असतो. त्यामुळे माझ्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. एका घरातून शेपटीसकट निघावं आणि दुसऱ्या घरात मला कोणी ओळखूच नये, ही धाकधूक मला कायमची.

टिंबाला इथे म्हणतात "प्वँ". पण प्वँ म्हणजे पूर्णविराम. बोलणं संपलं, पुढे काही ऐकून घेणार नाही, असं सांगायचं असलं की इथला माणूस म्हणतो, "प्वँ." आमचा रेजाँ तर उठता बसता म्हणतो. "डॉक्टरकडे जाणार नाही. प्वँ." "या सुपात मीठ नाही. प्वँ." तेवढं लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला.

सेंत-ओरोर नावाचं हे गाव नदीकाठी आहे. उन्हाळ्यात होडी असते. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरून गाड्या जातात. दोन्ही बाजूंनी फर झाडाच्या फांद्या रोवून वाट आखतात आणि त्याला बर्फाचा पूल म्हणतात. या पुलाचा राखणदार म्हणजे रेजाँ. बर्फाला भोक पाडून जाडी मोजायची, आज किती वजन झेपेल ते ठरवायचं, आणि जड गाडी दिसली की हॉकीच्या काठीला बांधलेलं लाल फडकं आडवं धरायचं. वर्षानुवर्षं त्याने हेच केलं. मग एका हिवाळ्यात तिथेच, वाऱ्यात उभा असताना, त्याच्या छातीत कळ आली.

त्याची मुलगी ओदिल गावच्या शाळेत गणित शिकवते. बाप दवाखान्यातून घरी आला त्याच दिवशी तिने विषय काढला.

"पपा, यापुढे तू तिथे उभा राहणार नाहीस."

"मग कोण उभं राहणार? तुझा इंग्रज नवरा?"

"दिवा उभा राहील. हिरवा आणि लाल."

"दिव्याला बर्फाचं कुरकुरणं ऐकू येतं वाटतं."

"बर्फ तूच मोज ना. सकाळी मोज, मला आकडा सांग आणि घरात येऊन बस. वाऱ्यात उभं राहायचं नाही. आई गेल्याचं कळलं तसं तुझंही मला अचानक कळायला नकोय."

रेजाँने खिडकीतून नदीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं. प्वँ."

या गोष्टीतलं माझं काम रेजाँच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू झालं. ओदिलने दोन भागांचा प्रोग्राम लिहिला. गावाच्या बाजूला वजनकाट्याची खोपटी होती. पहिला भाग तिथल्या यंत्रात बसायचा, गाडीचं वजन टनांत लिहायचा आणि तारेतून पुढे धाडायचा. दुसरा भाग नदीकाठच्या फाटकापाशी. तो वजन वाचायचा, रेजाँच्या त्या दिवसाच्या मर्यादेशी ताडून बघायचा आणि दिवा लावायचा. पूर्वी तिथे मर्यादेची पाटी असे. लोक पाटीशी हुज्जत घालत, "एवढंसंच तर जास्त आहे" म्हणत. म्हणून ओदिलने पाटीच काढून टाकली. हिरवा असेल तर जा, लाल असेल तर माघारी फिर.

तिने ज्या भाषेत प्रोग्राम लिहिला ती भाषा हुशार, पण तिला एक खोड आहे. संख्या कशी छापायची हे ती स्वतः ठरवत नाही. ज्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या घरी उतरली असेल, तिला विचारते, "तुमच्याकडे काय पद्धत?" एक म्हणते शेपटी लावा, दुसरी म्हणते टिंब द्या. हजाराच्या आकड्यात एक मोकळी जागा सोडते, दुसरी तिथे स्वल्पविराम घालते. वाचतानाही तोच प्रकार. "अमुकच पद्धतीने लिही" असं बजावलं तर भाषा ऐकते, नाही असं नाही. पण बजावायचं सुचायला हवं, आणि सगळं सुरळीत चाललं असताना ते कोणाला सुचतंय?

आणि सुरळीत चाललंही होतं. दोन्हीकडे शाळेतले जुने लॅपटॉप होते, दोन्ही फ्रेंच वळणाचे. खोपटीतून मी शेपटीसकट निघायचो, फाटकापाशी शेपटीसकट ओळखला जायचो. अर्धा हिवाळा माझा जीव भांड्यात होता म्हणा ना.

मग एका कडाक्याच्या थंडीत फाटकापाशी ठेवलेला लॅपटॉप गारठून मेला. ओदिलने तिथे एक नवी डबी बसवली, साबणाच्या वडीएवढी. थंडीवाऱ्याला पक्की, पण तिची ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी. ती कोऱ्या खोक्यातून थेट तिथे आली आणि तिला कोणीच सांगितलं नाही की बाई, तू आता केबेकात आहेस. तिच्या लेखी टिंब तेवढं खरं. बाकी काहीही दिसलं की संख्या तिथे संपली.

ओदिलने स्वतःची छोटी गाडी काट्यावर घातली. खोपटीने लिहिलं १,४. मी तारेतून धावत गेलो. डबीने एक वाचला, मग माझी शेपटी पाहिली आणि वाचणं थांबवलं. वजन १. माझ्या मागे उभा असलेला चार तिने बघितलासुद्धा नाही. बरं, तक्रार तरी करावी! लाल अक्षरात एखादी ओळ लिहावी! ते नाही. अर्धंच वाचून ही बया समाधानाने बसली आणि दिवा हिरवा लागला. तो हिरवाच लागायला हवा होता, कारण गाडी हलकीच होती.

"चाललं," ओदिल म्हणाली आणि हातमोजे घालून शाळेत गेली.

तेव्हापासून माझं खाणंपिणं गेलं म्हटलं तरी चालेल. गाडीमागून गाडी जात होती आणि मागचा आकडा दर वेळी गळत होता. थंडी होती, बर्फ जाड होता, म्हणून निभावलं. कोणाला सांगणार? मला तोंड नाही. मला फक्त जागा आहे, दोन आकड्यांच्या मधली.

आता जावयाची गोष्ट सांगतो. वेन हा ओदिलचा नवरा, शेजारच्या ओंटारियोतला, इंग्रजी बोलणारा. फ्रेंच शिकला तो वर्गात बसून. रेजाँची तक्रार अशी की, "हा मला अहो-जाहो करतो. मी काय बिशप आहे?" रेजाँला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. तरुणपणी लाकूडतोड्यांच्या छावणीत इंग्रज मुकादमाच्या हाताखाली त्याने बोलणी खाल्ली होती आणि तेव्हाच ती भाषा पुन्हा तोंडात घ्यायची नाही असं ठरवलं होतं. जावई आला तरी त्याने ठरवलेलं मोडलं नाही. दोघं एका टेबलावर बसत, वाटाण्याचं सूप पीत, आणि ओदिल मध्ये नसली की फक्त चमच्यांचा आवाज येई.

वेनच्या फ्रेंचमध्ये एक गंमत होती. तो मला व्हिर्ग्युल म्हणायचाच नाही. इंग्रजीत मी पॉइंट, म्हणून त्याने सरळ "प्वँ" करून टाकलं होतं. दीड लिटर दूध मागायचं तर म्हणे, "एक प्वँ पाच." दुकानदारीण गालात हसायची. ओदिललाही हसू यायचं, पण तिने त्याला कधी सुधारलं नाही. तिला ते आवडायचं.

मार्च आला. वाटेवर दुपारी पाणी साचायला लागलं, फरच्या फांद्या कलल्या. रेजाँ सकाळी भोक पाडून आला तो कपाळाला आठ्या घालूनच.

"अडीच टन. त्याच्या वर एक मांजरसुद्धा नको," तो ओदिलला म्हणाला. "आणि माझ्या घराकडच्या काठाजवळ, ओढा मिळतो तिथे, तेही जास्तच सांगतोय मी. दोन दिवसांत पूल बंद करू."

ओदिलने २,५ टाकलं. तिथेही मी होतो. डबीने मर्यादा वाचली, दोन.

रेजाँचं घर पलीकडच्या काठावर, आणि त्याच्याकडची सुकी लाकडं संपत आली होती. पूल बंद झाला की होडी सुरू होईपर्यंत लाकूड येणार कुठून? आजारी माणूस, घरात शेगडी एकच. ओदिल शाळा सुटल्यावर बापाकडे सूप घेऊन गेली होती. वेनने कोणाला न सांगता सासऱ्यासाठी मेपलची फोडलेली लाकडं ट्रकमध्ये भरली. मला त्याचं मन कळत होतं. लाकडं रचून ठेवताना दोघांना बोलायला काहीतरी मिळेल, एवढीच त्याची आशा.

ट्रक काट्यावर आला. खोपटीच्या पडद्यावर मी उमटलो. २,९.

वेनने पट्टा सोडला आणि दोन्ही काचा खाली केल्या. बर्फावर जायचं तर इथे सगळे तसंच करतात, वेळ आली तर बाहेर पडता यावं म्हणून. मग त्याने सासऱ्याला फोन लावला.

"रेजाँ, मी काट्यावर आहे. तुमच्यासाठी लाकडं आणतोय."

"वजन किती?" रेजाँने विचारलं. दिवा असला तरी विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"दोन प्वँ..." वेन म्हणाला, आणि उघड्या काचेतून असा काही वारा आत घुसला की नऊ त्याच्या ओठांवरून उडून गेला.

"दोन. प्वँ," रेजाँ म्हणाला. "ये मग."

फाटकापाशी डबीने वाचलं, दोन. मर्यादा दोन. हिरवा. एका यंत्राने जे केलं होतं तेच एका माणसाच्या कानाने केलं. दोघांनी मला शेवटच समजलं. मी ओरडायला हवं होतं, पण ओरडणार कशाने?

ट्रक बर्फावर उतरला. आता मी त्याच्या डॅशबोर्डवरही होतो. ट्रक ओंटारियोचा, म्हणून तिथे मी बिनशेपटीचा. बाहेरचं तापमान, ३.५. म्हणजे बर्फ वितळत होता. चाकांखाली पाणी चुबुक चुबुक वाजत होतं आणि वेन शीळ घालत होता.

तिकडे स्वयंपाकघरात ओदिल सूप वाढत होती.

"कोणाचा फोन?"

"तुझ्या इंग्रजाचा. लाकडं आणतोय. वजन दोन, म्हणाला. प्वँ." रेजाँ चक्क खूश होता. "पहिल्यांदा ठाम बोलला गडी. शिकतोय हळूहळू."

ओदिलही हसली. मग तिचा डाव सुपातच राहिला.

"तो प्वँ म्हणाला?"

"हो. साफ ऐकलं मी."

"पपा, वेन बोलणं असं संपवतो का कधी? तो 'चालेल ना' म्हणतो, 'माफ करा' म्हणतो. प्वँ तो व्हिर्ग्युलला म्हणतो, पपा. दोन व्हिर्ग्युल काहीतरी."

"काहीतरी म्हणजे किती?"

"ते मला काय माहीत? ट्रक रिकामाच दोनच्या वर आहे!"

दोघं खिडकीशी गेले. फाटकाचा दिवा हिरवा होता आणि ट्रक नदीच्या मध्याच्या पुढे आला होता. ओदिलने टेबलावरचा मोबाईल ओढून घेतला. तिने फोन लावला. फोन ट्रकच्या खणात वाजत राहिला. बर्फावर दोन्ही हात स्टिअरिंगवर, हे रेजाँनेच वेनला दटावून सांगितलेलं. ओदिलने दारामागची हॉकीची काठी उचलली आणि लाल फडकं उलगडलं.

"ते नको," रेजाँ म्हणाला. "लाल दिसलं की तो थांबेल. एका जागी थांबला की बर्फ खचतो. फडकं फाडून टाक, काठी घे आणि माझ्या मागे ये. पळायचं नाही."

पण तो स्वतः जवळजवळ पळतच होता. छातीवर एक हात दाबून, कोट न घालता. ओदिल मागून "पपा, हळू" म्हणत होती, आणि तिला एकाच वेळी दोघांची भीती वाटत होती.

काठावर पोचल्यावर रेजाँने तोंडाभोवती हात धरले. वेनने शीळ थांबवली. त्याला पांढरे केस दिसले, उघडा सदरा दिसला. आणि मग त्याला जे ऐकू आलं ते ऐकून त्याला आधी वाटलं, दुसराच कोणीतरी ओरडतोय. रेजाँ इंग्रजीत ओरडत होता.

"थांबू नकोस! वेग वाढवू नकोस! दार उघड, पायरीवर उभा राहा! ट्रक आपला आपण येऊ दे!"

जावयाला एक शब्दसुद्धा समजायचा राहू नये, म्हणून बोलला तो.

वेन पायरीवर उभा राहिला. एक हात स्टिअरिंगवर, एक हात दाराला. ट्रक रांगत पुढे सरकत होता. डॅशबोर्डवर मी, ३.५, आणि माझ्यासमोर काठ मोठा मोठा होत चाललेला. ओढ्याच्या तोंडापाशी आलो तेव्हा बर्फ बोलला. तो आवाज मी पुन्हा ऐकू नये.

मागची चाकं खाली गेली.

"उडी! पालथा पड, उभा राहू नकोस!"

वेन पडला, पोटावर. त्याच्या पायांखालचा बर्फ कलत होता, पाणी कमरेपर्यंत येत होतं. रेजाँही काठावर पालथा झाला आणि सरपटत पुढे आला. त्याने काठी लांबवली. मागे ओदिलने बापाचे दोन्ही पाय घट्ट धरले. वेनने काठीचं वाकडं टोक पकडलं. सगळे नुसते ओढत होते.

मी खाली गेलो. लाकडं तरंगून बर्फाच्या खालच्या बाजूला ठोकरत होती, आणि हिरव्या पाण्यात डॅशबोर्ड काही वेळ तसाच पेटलेला राहिला. ३.५. तेवढ्या वेळात मला एकच काळजी होती, की वर मोजल्यावर माणसं तीन भरतील ना.

तीन भरली.

घोंगड्यात गुंडाळलेला वेन टेबलाशी बसला होता, दात वाजत होते. रेजाँने आपल्या औषधाची गोळी जिभेखाली ठेवली होती. ओदिल दोघांच्या मध्ये उभी राहून रडत होती आणि सूप वाढत होती.

"तुम्हाला इंग्रजी येतं?" वेनने विचारलं.

"नाही येत," रेजाँ म्हणाला. "प्वँ."

दुसऱ्या दिवशी ओदिल डबी घरी घेऊन आली. तिने २,९ पाठवलं आणि डबीने काय वाचलं ते पडद्यावर बघितलं. दोन. तिने पुन्हा पाठवलं. दोन. मग तिने एक ओळ लिहिली. यंत्राने यंत्राला सांगताना नेहमी टिंबच, घर कुणाचंही असो, आणि माणसाला दाखवताना शेपटी. आणि कळलं नाही तर लाल दिवा. केवढीशी ओळ. शाळेतल्या पोरांना ती आता पहिल्याच तासाला माझ्याबद्दल सांगते.

आज मी बरा आहे. पण माझे भाऊबंद किती घरांत, किती डब्यांत आहेत, कोण जाणे. कुठल्या तारेतून कुठे निघालेत, आणि पलीकडे कोण त्यांना अर्धं वाचून समाधानाने बसलंय, या विचाराने माझी झोप उडते. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. मला पाठवताना नुसतं पाठवू नका. कुठल्या रूपात जायचं ते बजावून पाठवा. आणि पोचल्यावर विचारा, माझ्या मागचा आकडा आला का.

यंदा नदी पुन्हा गोठली. परवा वेन दुसरा ट्रक घेऊन काट्यावर आला. मागे लाकडं होती, मागच्या खेपेपेक्षा कमी. त्याने पट्टा सोडला, फोन लावला, आणि मग या वेळी काचा खाली करण्याआधी बोलला.

"रेजाँ, तुझी लाकडं आणतोय."

"वजन?"

"दोन..." वेन थांबला. मी त्याच्या जिभेवर होतो, मला माहीत आहे त्याला तो शब्द किती जड जातो. "दोन व्हिर्ग्युल एक."

पलीकडे रेजाँ वाट बघत होता.

"प्वँ?" त्याने विचारलं.

"प्वँ."

"ये," रेजाँ म्हणाला, आणि कोट घालून काठावर जाऊन उभा राहिला.